विश्लेषण : जयसिंगपूरच्या कचऱ्यातून वीज परवडेल का?

शिरोळ तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प धडधडू लागतात. उसाचा चोथा जाळून वीज तयार होते. कारखाना ती स्वतः वापरतो आणि उरलेली विकतो. मग रोज घंटागाडीत गोळा होणारा शहराचा कचरा जाळून वीज का होत नाही, असा प्रश्न नागरिकांना पडणे साहजिक आहे. जगभरातील लहान बेटांवरही याच प्रश्नाची चर्चा सुरू असते. बेट असो की जयसिंगपूरसारखे लहान शहर, कचऱ्याचा हिशेब बराचसा सारखा असतो. कचरा थोडा, टाकायला जागा कमी आणि तिजोरीत पैसा मोजका. अशा ठिकाणी कचऱ्यातून ऊर्जा मिळवणे परवडते का, कोणत्या मार्गाने परवडते आणि कोणता मार्ग अंगलट येतो, याचा हा आढावा.

जयसिंगपुरात कचरा किती निघत असेल?

राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेली ही बाजारपेठ आज तालुक्यातील सर्वांत मोठे शहर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५० हजारांच्या आत होती. आज ती ६० हजार धरू. लहान शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो, असे केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटले आहे. २५० ग्रॅम धरले तर रोजचा कचरा १५ टन होतो. त्यातला निम्मा ओला, म्हणजे साडेसात टन. घरोघरी वेगळा केलेला आणि प्रत्यक्ष प्रकल्पापर्यंत स्वच्छ पोहोचणारा ओला कचरा ५ टन मिळाला तरी ते चांगले काम म्हणावे लागेल. पुढचे सगळे गणित १५ टन आणि ५ टन या दोन आकड्यांवर उभे आहे. हे आकडे अंदाजाचे आहेत. पण ते थोडे वर-खाली झाले तरी निष्कर्ष बदलत नाही.

कचऱ्यातून ऊर्जा मिळवण्याचे मार्ग कोणते?

ढोबळमानाने दोन. पहिला मार्ग जाळण्याचा. कचरा भट्टीत जाळायचा, त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवून वीज तयार करायची. सुक्या कचऱ्यातील जळाऊ भाग वेगळा काढून तो सिमेंट कारखान्याला इंधन म्हणून पाठवणे, हाही याच मार्गाचा उपप्रकार.

दुसरा मार्ग कुजवण्याचा. ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवला की बायोगॅस तयार होतो. तो चुलीवर जाळता येतो, इंजिनात घालून वीज करता येते किंवा शुद्ध करून वाहनांत भरता येतो. उरलेली मळी खत म्हणून शेतात जाते. हे तंत्र आपल्याला नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून गॅस तयार केला जात होता. कोल्हापूर जिल्ह्यात तर गोठ्याशेजारचा गोबरगॅस ही जुनी ओळख आहे.

बगॅस जळतो, मग कचरा का जळत नाही?

एक टन ऊस गाळला की पावटन ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असले तरी किलोमागे सुमारे २,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते. मुख्य म्हणजे तो एकसारखा असतो. आजचा बगॅस आणि उद्याचा बगॅस यांत फरक नाही. शिवाय तो कारखान्याच्या आवारातच पट्ट्यावरून भट्टीत पडतो. गोळा करायला गाडी लागत नाही. रोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला इंधन फुकट आणि मुबलक मिळते.

शहरी कचऱ्याचे सगळे उलटे आहे. आपल्या कचऱ्यात भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली आणि माती जास्त. मिश्र कचऱ्याची उष्णता साधारण ८०० ते १,५०० किलोकॅलरीच्या दरम्यान राहते. पावसाळ्यात ती आणखी घसरते. भट्टीतली बरीचशी उष्णता आधी कचऱ्यातले पाणी वाळवण्यातच खर्ची पडते.

दिल्लीतील तिमारपूरचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर १९८७ मध्ये तेथे ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज करण्याचा प्रकल्प उभारला गेला. कचरा पुरेसा जळेना म्हणून तो अवघ्या २१ दिवसांत बंद करावा लागला. यंत्र डेन्मार्कच्या कोरड्या कचऱ्यासाठी बनले होते, आणि भट्टीत पडत होता दिल्लीचा ओला आणि मातीमिश्रित कचरा.

जाळणाऱ्या प्रकल्पाला किमान किती कचरा लागतो?

तत्कालीन नियोजन आयोगाने के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृती गटाचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्याचा रोख असे प्रकल्प मोठ्या शहरांसाठी ठेवण्यावर होता. व्यवहारात ३०० टन हा उंबरठा धरला जातो. पिंपरी-चिंचवडमधील मोशीच्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याची क्षमता रोज ७०० टन कचरा आणि १४ मेगावॅट वीज अशी आहे.

मोशीच्या प्रमाणात जयसिंगपूरच्या १५ टनांतून कागदावर ३०० किलोवॅट वीज होते. प्रत्यक्षात वाफेचे टर्बाइन जेवढे लहान तेवढे ते इंधन वाया घालवते. त्यामुळे हाती निम्मीच वीज पडली तरी नवल नाही.

शेजारच्यांना बरोबर घेतले तर? शिरोळ आणि कुरुंदवाडचा कचरा मिळवला तरी फार फरक पडत नाही. इचलकरंजी आणि सांगली-मिरज-कुपवाड या दोन महापालिकांची मोट बांधली, तर आकडा कसाबसा ३०० टनांच्या आसपास जातो. पण त्यासाठी दोन जिल्ह्यांतील पाच स्थानिक संस्थांचा करार लागेल, रोज कृष्णा-पंचगंगेवरचे पूल ओलांडणाऱ्या गाड्या लागतील आणि इतरांचा कचरा आपल्या वेशीवर येऊ देणारे एक गाव लागेल. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

खर्चाचे गणित काय सांगते?

केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये शहरी कचरा जाळणाऱ्या प्रकल्पासाठी प्रति मेगावॅट १५ कोटी रुपये भांडवली खर्च धरला होता आणि विजेचा दर युनिटला ७ रुपये ४ पैसे ठरवला होता. सौर प्रकल्पाला मेगावॅटमागे साधारण चार ते पाच कोटी रुपये लागतात. मोशीच्या हिशेबाने निम्मी, म्हणजे दीडशे किलोवॅट वीज चोवीस तास मिळाली, तर दिवसाला ३,६०० युनिट होतात. तेवढी वीज एक मेगावॅटपेक्षा लहान सौर प्रकल्प देतो. त्याला धुरांडे नाही, राख नाही.

लहान भट्टीची दुसरी अडचण धुराची. कचऱ्यात प्लॅस्टिक असले की अर्धवट ज्वलनातून डायॉक्सिनसारखी घातक रसायने तयार होतात. ती टाळायची तर धूर ८५० अंशांहून अधिक तापमानात किमान दोन सेकंद राहावा लागतो. पुढे चुना, सक्रिय कोळसा आणि कापडी गाळण्यांतून तो धुवावा लागतो. ही यंत्रणा ७०० टनांच्या प्रकल्पाला लागते तशी १५ टनांच्या भट्टीलाही लागते. खर्च मात्र १५ टनांवरच वाटला जातो. म्हणून लहान भट्टी स्वस्तात मिळते असे कोणी सांगितले, तर धूर शुद्ध करण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे आधी पाहावे. शिवाय कचऱ्याच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा राख म्हणून उरतोच. ती टाकायलाही जागा लागते.

ओल्या कचऱ्यातून किती वीज मिळेल?

वेगळ्या केलेल्या एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण ८० घनमीटर बायोगॅस मिळतो. ५ टनांचे झाले ४०० घनमीटर. एका घनमीटरमागे दीड युनिट वीज धरली तर ६०० युनिट होतात. प्रकल्पातील मिक्सर, पंप यांचा वापर वजा केला की ५०० युनिट उरतात. घरटी दिवसाला चार युनिट धरले तर सव्वाशे घरांची गरज भागते. ४० वॅटचे दिवे रात्रभर लावायचे म्हटले, तर हजाराहून थोडे अधिक पथदिवे लागू शकतात.

सात रुपये दराने या विजेची किंमत दिवसाला ३,५०० रुपये होते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेदहा लाख. प्रकल्पावर सहा कामगार आणि महिना १५ हजार पगार धरला, तर पगारच जवळपास ११ लाखांवर जातो. म्हणजे निव्वळ वीज विकून कामगारांचा पगारही निघत नाही. इंजिनाची देखभाल आणि कर्जाचा हप्ता यांची तर गोष्टच नको.

मग गॅस तसाच वापरला तर?

येथे चित्र बदलते. गॅसपासून वीज करताना दोनतृतीयांश ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते. चुलीवर तोच गॅस बराच कामी येतो. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४३० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. ४०० घनमीटरचे झाले १७२ किलो, म्हणजे १९ किलोचे नऊ व्यावसायिक सिलिंडर. सिलिंडरला १,७०० रुपये धरले तर दिवसाला १५ हजार आणि वर्षाला ४५ लाख रुपये. कचरा तोच, टाकी तीच, पण मोल चौपटीहून अधिक.

अर्थात हा गॅस घेणारे गिऱ्हाईक प्रकल्पाच्या जवळ हवे. वसतिगृहाची मेस, मंगल कार्यालय, खानावळ, एखादा लघुउद्योग यांपर्यंत नळी नेता आली तर हा हिशेब जमतो. प्रकल्प गावापासून पाच किलोमीटरवर असेल तर गॅस शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरावा लागतो आणि तो खर्च ५ टनांच्या प्रकल्पाला पेलत नाही. इंदूरमध्ये २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वाहनांसाठीचा गॅस तयार होतो, पण त्याची क्षमता रोज ५५० टनांची आहे. जयसिंगपूरला त्याची नक्कल करता येणार नाही. त्याच्या यशामागचे कारण मात्र उचलता येईल. इंदूरमध्ये कचरा घरातच वेगळा होतो.

बेटांचे गणित वेगळे का असते?

बेटावर वीज महाग असते. केरळच्या किनाऱ्यापलीकडच्या लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ मध्ये ६४ हजार होती. म्हणजे आजच्या जयसिंगपूरएवढीच, पण दहा बेटांवर विखुरलेली. तेथील वीज मुख्यतः जहाजाने आणलेल्या डिझेलवर चालते. एक लिटर डिझेलमध्ये तीन-साडेतीन युनिट वीज होते. लिटरला ९० रुपये धरले तर नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटला २५ ते ३० रुपये येतो. अशा ठिकाणी बायोगॅसची वीज दहा-बारा रुपयांना पडली तरी ती स्वस्तच. जयसिंगपूरला मात्र महावितरणची तार दारात आहे. त्यामुळे बेटावर यशस्वी झालेला प्रकल्प येथेही परवडेल, असे म्हणता येत नाही.

बेटालाही प्रत्येक वेळी कचरा पुरतोच असे नाही. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज नेण्यात आली. त्यासाठी सुमारे २५ कोटी रुपये खर्च झाले. तोपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. तेथील वस्ती हजार-बाराशेची. पर्यटकांचे खरकटे धरून रोज ३०० किलो ओला कचरा मिळाला, असे मानले तरी त्यातून ३०-४० युनिट वीज झाली असती. तीन वाड्यांच्या गरजेपुढे ती किरकोळच. केबल महाग असली तरी तिला पर्याय नव्हता.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर कचरा जाळण्याचा प्रकल्प अनेक वर्षे चालतो. पण तो वीज करत नाही. कडाक्याच्या थंडीत लर्विक शहरातील घरांना नळीने गरम पाणी पुरवतो. भट्टीला पुरेसा कचरा मिळावा म्हणून शेजारच्या ऑर्कनी बेटांवरून जहाजाने कचरा आणला गेला. उष्णतेला तेथे गिऱ्हाईक आहे. शिरोळ तालुक्यात घर गरम करायला कोणी पैसे देणार नाही.

प्रकल्पाच्या बाजूचे म्हणणे काय?

त्यांचे मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा जागेचा. बारमाही पिकाऊ जमिनीच्या या तालुक्यात कचरा डेपोसाठी नवी जागा मिळणे जवळपास अशक्य आहे. जुना डेपो उकरून साफ करण्याच्या बायोमायनिंगलाही पैसा लागतोच. दुसरा मुद्दा कायद्याचा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत पुरण्यास मनाई केली आणि तो ऊर्जेसाठीच वापरावा असे सांगितले. तिसरा मुद्दा विक्रीचा. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार राज्यातील कचऱ्यापासूनची सर्व वीज वितरण कंपन्यांनी घ्यायची आहे. चौथा मुद्दा असा की उघड्यावर कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन हवेत जातो आणि डेपोला आग लागली की विनागाळणी धूर गावभर पसरतो.

हे सगळे खरे आहे. पण यातला प्रत्येक मुद्दा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याच्या बाजूचा आहे. तो येथेच भट्टी उभारण्याच्या बाजूचा नाही. जळाऊ सुका कचरा गाठी बांधून सिमेंट कारखान्याला पाठवला तरी नियम पाळला जातो. बागलकोट आणि कलबुर्गी भागात असे कारखाने आहेत.

असे प्रकल्प बंद का पडतात?

बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे, कचऱ्यामुळे. लखनौमध्ये २००३ मध्ये ओल्या कचऱ्यापासून ५ मेगावॅट विजेचा प्रकल्प सुरू झाला. वेगळा केलेला कचराच मिळेना म्हणून तो फार काळ चालला नाही. पुण्यात प्रत्येकी ५ टनांच्या आसपास क्षमतेचे अनेक बायोगॅस प्रकल्प उभारले गेले. त्यातले कित्येक अधूनमधून किंवा कायमचे बंद राहिले. पिशवी, चमचा, नारळाची करवंटी मिक्सरमध्ये गेली की यंत्र अडते. टाकीतले जिवाणूही एकदा मेले की पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात.

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ तंत्र अशा कचऱ्यासाठीच आहे. त्यात कचरा आधी दळून गरम पाण्यात पचवला जातो, त्यामुळे कुजण्याचा वेळ वाचतो. वाहनबंदी असलेल्या माथेरानमध्येही असा प्रकल्प उभारला गेला. डोंगरावरचे माथेरान म्हणजे एका अर्थाने बेटच, कारण कचरा खाली नेणेच महाग. पण या तंत्रालाही पहिली अट वेगळ्या केलेल्या कचऱ्याचीच आहे.

महापुरात अशा प्रकल्पाचा उपयोग होईल का?

शिरोळ तालुक्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि नदीकाठची अनेक गावे अक्षरशः बेटे झाली. उपकेंद्रे पाण्यात गेल्याने वीज बंद पडली. अशा वेळी कचऱ्याची वीज कामी येईल ही अपेक्षा मात्र फारशी खरी नाही. रस्ते बंद झाले की घंटागाड्या थांबतात आणि टाकीला खाद्य मिळत नाही. साठवणीत साधारण एका दिवसाचाच गॅस असतो. मोबाइल चार्जिंग आणि दिव्यांसाठी सौर पॅनेल व बॅटरी अधिक भरवशाची.

मात्र उंचावरच्या प्रकल्पातील गॅस निवारा केंद्राच्या स्वयंपाकाला वापरता येईल. तेथील खरकटे परत टाकीत टाकता येईल. पूर ओसरल्यावर निघणाऱ्या चिखलाने माखलेल्या गाद्या, कपडे आणि फर्निचर यांचे ढीग मात्र ना जाळता येतात, ना कुजवता येतात. त्यासाठी पूररेषेबाहेर वेगळी जागा आधीच ठरवून ठेवावी लागते.

प्रस्ताव आला तर नागरिकांनी काय विचारावे?

सर्वसाधारण सभेत असा विषय आला तर पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. क्षमता किती कचऱ्यावर ठरवली? कागदावरच्या की काट्यावर मोजलेल्या? किमान तीन महिने, त्यातला एक पावसाळ्यातला, रोजचे वजन हवे.

२. ठरलेला कचरा देता आला नाही तर नगरपरिषदेला दंड आहे का? तसे असेल तर घरोघरी कचरा कमी करणे हाच नगरपरिषदेचा तोटा ठरेल.

३. टनामागे कंपनीला किती रुपये द्यायचे? याला टिपिंग फी म्हणतात. ‘फुकट प्रकल्प’ बहुधा याच रकमेवर चालतो.

४. गॅस कोण घेणार, किती अंतरावर आणि कोणत्या दराने? करार आधी हवा, प्रकल्प नंतर.

५. पाच वर्षांनी यंत्र बंद पडले तर दुरुस्ती कोण करणार आणि तोपर्यंत कचरा कुठे जाणार?

यात ‘किती मेगावॅट’ हा प्रश्न मुद्दामच नाही. जयसिंगपूरएवढ्या शहराला कचऱ्यातून मिळणारी वीज एकूण गरजेच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. खरी कमाई वाचलेल्या डेपोची, वाचलेल्या वाहतुकीची, सिलिंडरची आणि खताची असते. भाजी मंडई, खानावळी आणि मंगल कार्यालयांचा ओला कचरा वेगळा उचलून ५ टनांपासून सुरुवात करणे, सुका कचरा भंगार आणि सिमेंट कारखान्यांकडे वळवणे, आणि विजेसाठी नगरपरिषदेच्या छतांवर सौर पॅनेल बसवणे, हा मार्ग एका मोठ्या यंत्रापेक्षा कमी आकर्षक दिसतो. पण त्यातला एखादा भाग फसला तरी बाकीचे चालू राहतात आणि करदात्यांचे पैसे एकाच धुरांड्यात अडकून पडत नाहीत.